३८ टक्क्यांवर थांबलेला घोडा

गेल्या दिवाळीत, चौदा महिन्यांच्या खंडानंतर, मी 'रेड डेड रिडेम्प्शन २' पुन्हा सुरू केला. सेव्ह फाइल जिथे सोडली होती तिथेच होती. तिसरा अध्याय, ३८ टक्के, रोड्स नावाच्या गावाबाहेर उभा असलेला आर्थर मॉर्गन आणि त्याचा घोडा. तांबड्या मातीचा रस्ता, उतरतं ऊन, दुरून येणारा कुत्र्याचा आवाज. मला फक्त दुकानात जाऊन घोड्यासाठी काहीतरी खायला घ्यायचं होतं.

पण कुठलं बटण कशाचं, हे बोटं विसरली होती. या गेममध्ये समोरच्या माणसाकडे लक्ष द्यायला जे बटण दाबायचं, तेच हातात बंदूक असेल तर ती रोखायलाही वापरायचं. मी दुकानदाराशी बोलायला गेलो आणि त्याच्या छातीवर पिस्तूल रोखलं. तो ओरडला. मी घाबरून आणखी दोन-तीन बटणं दाबली. मिनिटभरात गावभर शिट्ट्या, मागे घोडेस्वार, आणि मी घोड्यावर बसायच्या नादात कुठल्यातरी कुंपणाला धडकलेला. टीव्ही बंद केला.

सोफ्यावर लोळत मोबाइल बघणारा माझा धाकटा भाऊ इतका हसला, की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही, दादा म्हातारा झालाय."

मी तेव्हा एकतीस पूर्ण केलेली. गेम खेळणं सुटणं म्हणजे म्हातारं होणं, किंवा याचंच थोडं सभ्य रूप म्हणजे 'मोठं होणं', हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की त्यावर कोणी विचारच करत नाही. जे खेळतात ते म्हणतात, वेळ मिळत नाही. जे खेळत नाहीत ते म्हणतात, सुटला बाबा एकदाचा. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. वेळेचं तर अजिबातच नाही. ज्या रात्री माझ्याकडे गेम खेळायला वेळ नव्हता, त्या रात्री मी दीड तास रील्स बघितलेले आहेत. माझा फोन तसा हिशोब ठेवतो आणि तो खोटं बोलत नाही.

पुस्तक अर्धवट सोडलं तर समीक्षकाने त्यावर लिहू नये असा एक संकेत आहे, आणि तो बरोबर आहे. गेमच्या बाबतीत मात्र मला तो तसाच्या तसा लावता येत नाही. पुस्तक वाचकाकडून पान उलटण्यापलीकडे फारसं काही करून घेत नाही. गेम तुमच्याकडून काम करून घेतो, आणि ते काम करायची इच्छा कुठे संपली, हाही त्या गेमबद्दलचा पुरावाच असतो. म्हणून मी ३८ टक्क्यांबद्दल लिहितोय. (शेवट काय आहे ते मला माहीत आहे. गेम २०१८ चा आहे. इंटरनेटवर वावरणाऱ्या कुणालाही तो आता लपवता यायचा नाही, तेव्हा पुढे स्पॉयलर आहेत.)

आधी हा गेम काय आहे ते सांगतो. साल १८९९. अमेरिकेच्या पश्चिमेतला दरोडेखोरीचा काळ संपत आलाय. ब्लॅकवॉटर गावातला एक दरोडा फसतो आणि डच व्हॅन डर लिंडची टोळी बर्फातून पळ काढते. तिथून पुढे सहा अध्याय ही टोळी पळतच राहते. डच दर वेळी सांगतो की त्याच्याकडे योजना आहे, फक्त थोडे पैसे हवेत, मग आपण सगळे दूर कुठेतरी जाऊ. आपण असतो आर्थर. डचने लहानपणापासून वाढवलेला, टोळीचा उजवा हात, मारामारीत तरबेज, आणि कुणाला न दाखवता वहीत पेन्सिलने झाडं-पक्षी काढणारा.

हा गेम संथ आहे, आणि हे त्याच्यावरचं सगळ्यात जुनं भांडण आहे. हरीण मारलं की आर्थर त्याचं कातडं सोलतो. ते पूर्ण सोलताना तुम्हाला बघावं लागतं. मग ते उचलून घोड्यावर टाकायचं. एखाद्या घरात शिरलात तर कपाटाचा एकेक कप्पा हाताने उघडायचा, एकेक डबा हाताने उचलायचा. घोड्याला खरारा करायचा, खायला घालायचं. तळावर गवताचे भारे वाहायचे, लाकडं फोडायची. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला बराच वेळ फक्त घोडा दौडवायचा. दुसऱ्या कुठल्याही गेमने हे सगळं एका बटणात उरकलं असतं.

पहिल्यांदा खेळताना मला हे भयंकर आवडलं होतं. तेव्हा मी पुण्यात एकटा भाड्याच्या खोलीत राहत होतो, नोकरी नवी होती, आणि घरी आल्यावर तळावरच्या माणसांमधून नुसतं फिरायला बरं वाटायचं. शेकोटीजवळ कोणीतरी गाणं म्हणतंय, कोणी भांडतंय, आणि आपण गेलो की नावाने हाक मारतंय. मी एकेका रात्री कुठलंही मिशन न करता फक्त तळावर राहिलोय. मला वाटतं हा संथपणा म्हणजे गेमचा दोष नाही, तोच त्याचा मुद्दा आहे. पुढे जे माणूस-माणूस करत तुटणार आहे, ते आधी रोजचं वाटायला हवं. रोजचं वाटायला रोजची कामं लागतात.

मग मी थांबलो का?

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहिलं. 'खेळ' या शब्दाची नेमकी व्याख्या करता येत नाही, असं विट्गेनस्टाइनच्या लिखाणावरून मानलं जायचं. सूट्सने ती करून दाखवली. त्याच्या म्हणण्याचं सार असं, की खेळ म्हणजे ज्यांची गरज नाही असे अडथळे आपणहून पत्करणं. चेंडू भोकात टाकायचाच असेल तर हातात घेऊन चालत जाऊन टाकता येतो. पण लांबून, काठीने मारूनच टाकायचा असं आपण कबूल करतो, आणि म्हणून गोल्फ हा खेळ होतो. हा कबूलनामा महत्त्वाचा. तो आतून यावा लागतो. विटीदांडूत डावावरून वाद घालणारा पोरगा चिडखोर असतो, पण खेळात असतो. "त्या विटीचं काय एवढं" असं म्हणणारा पोरगा खेळातून बाहेर पडलेला असतो.

माझ्यात हा दुसरा पोरगा कधी आला, ते मला बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. रोड्सजवळच्या एका घरात कप्पे उघडताना. तिसऱ्या कप्प्यात बिस्किटं निघाली आणि मनात आलं, मला ही बिस्किटं नको आहेत. आर्थरलाही नकोत. त्याच्या पिशवीत आधीचीच पडून आहेत. मग हा हात कोणासाठी हलतोय?

अशी शंका मला त्याआधी दुसऱ्या एका गेममध्ये आली होती, पण तिथे दोष सरळ गेमचा होता. 'द विचर ३' हा २०१५ चा पोलिश गेम. त्यातला 'ब्लडी बॅरन'चा भाग, बायकोला मारणारा आणि तरीही नुसता खलनायक नसलेला तो दारुडा सरदार, हे गेममधल्या लिखाणाचं आजही बोट दाखवून सांगावं असं उदाहरण आहे. पण त्याच गेममध्ये स्केलिगाच्या समुद्रावर नकाशाभर प्रश्नचिन्हं पेरलेली आहेत. होडी घेऊन प्रत्येकाकडे जायचं, बुडी मारायची, पेटारा उघडायचा, वर यायचं. मी ती प्रश्नचिन्हं दोन शनिवार-रविवार पुसत होतो. हरवलेली मुलगी शोधायला निघालेला नायक समुद्रात पेटारे मोजत बसला होता आणि मीही. त्याला 'एक्स्प्लोरेशन' म्हणायचं असेल तर तलाठ्याच्या पीक पाहणीलाही म्हणायला हवं. गंमत म्हणजे ते करताना मला कंटाळा आल्याचं कळलंच नाही. ते संपल्यावर कळलं.

'रेड डेड'मधले कप्पे तसे नाहीत. ते न उघडता पुढे जाता येतं. म्हणजे तिथे बदल गेममध्ये नव्हता, माझ्यात होता. हे मान्य करायला मला चौदा महिने लागले, कारण त्याआधी मी कंट्रोलर, टीव्ही, ऑफिस, अमेरिकन कथानक या सगळ्यांना दोष देऊन बघितला होता.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. गेममधून मन उडालं आणि दुसरीकडे कुठेतरी बसलं, ही एक गोष्ट. गेम, जेवण, मित्र, गाणी, सगळ्यातूनच मन उडालं, ही वेगळी. दुसरीबद्दल निबंध लिहू नये, डॉक्टरकडे जावं. मी पहिलीबद्दल बोलतोय.

माझं मन कुठे बसलं? कवडीपाटाला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर एक जुना बंधारा आहे. पाण्याला वास येतो, फेस असतो, प्लास्टिक असतं, आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक असे पक्षी इतके असतात की पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं कोणीतरी ग्राफिक्स वाढवलेत. ऑफिसमधल्या एकाने ओढत नेलं होतं. आता मी हिवाळ्यात बहुतेक रविवारी जातो. दुर्बीण घेतलीय. वही घेतलीय. वहीत पेन्सिलने पक्षी काढतो, अतिशय वाईट काढतो.

वही काढताना आर्थर आठवला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. २०२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांचा एक अभ्यास आला होता, की 'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळलेले लोक न खेळलेल्यांपेक्षा खरे प्राणी जास्त बरोबर ओळखतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. झाडीआड थांबून, वारा कुठून येतोय बघून, हालचाल न करता वाट बघायला मला या गेमनेच शिकवलं. घोड्यावरून उतरून दुर्बीण काढणं हे मी आधी बटणाने केलंय. मग असं म्हणायचं का, की माझी आवड गेली नाही, नुसती घर बदलून गेली?

थोडं तसंच आहे. फ्रेंच लेखक रॉजे कायवाने १९५८ च्या पुस्तकात खेळांचे चार पिंड सांगितले. स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. आपल्याकडची उदाहरणं घ्यायची तर विटीदांडू, सापशिडी, भातुकली आणि फुगडी. बहुतेक खेळांत यांची मिसळ असते. मला वाटतं माणसातही असते, आणि तिचं प्रमाण वयाबरोबर हलत राहतं. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन 'काउंटर-स्ट्राइक १.६' खेळायचो तेव्हा मी नव्वद टक्के विटीदांडू होतो. 'डस्ट २'च्या नकाशावर कुठल्या पेटीमागे कोण लपतं हे मला आमच्या कॉलनीतल्या घरांपेक्षा पाठ होतं. हरलो की रात्री झोप लागायची नाही. आज कोणी मला हरवलं तर मी "छान" म्हणतो आणि खरंच छान वाटतं. स्पर्धा निघून गेली. तिच्यासाठी मी काही केलं नाही, आणि ती परत यावी असंही वाटत नाही.

सोंग मात्र उरलं. त्याचा पुरावा म्हणजे 'व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच'. २०१७ चा, जेमतेम दोन तासांचा गेम, आणि मी तो एका बैठकीत संपवला, तेही 'रेड डेड' धूळ खात पडलेला असताना. एका कुटुंबातल्या माणसांच्या मृत्यूच्या गोष्टी एकेक करून आपण जगतो. त्यात लुईस नावाचा तरुण माशांच्या कारखान्यात काम करतो. उजव्या हाताने मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, पुढे टाकायचा. पुन्हा मासा. हे तुम्ही कंट्रोलरच्या उजव्या काठीने करत असता. हळूहळू डाव्या काठीने त्याच्या डोक्यातलं राज्य सुरू होतं, आधी पडद्याच्या कोपऱ्यात लहानसं, मग वाढत वाढत सगळा पडदा व्यापणारं. उजवा हात मासे कापतच असतो, फक्त आता तो दिसत नाही. काही मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की माझाही उजवा हात न बघता मासे कापतोय. शेवटी लुईस राज्याभिषेकासाठी मान झुकवतो. पातं कुठलं ते तुम्हाला कळलेलं असतं.

गेमने गेमबद्दल केलेलं इतकं कडक विधान मी दुसरं पाहिलेलं नाही. हाताला काम लावून डोकं दुसरीकडे नेता येतं, हीच गेमची ताकद, आणि तीच भीती. माझ्या हातातली बिस्किटं आणि लुईसचे मासे यांत फरक एवढाच होता, की माझ्या डाव्या हाताचं राज्य बंद पडलं होतं आणि उजवा हात चालू राहिला होता. अशा वेळी खेळणं थांबतं यात दुःख करण्यासारखं काही नाही. ते थांबत नाही तेव्हा काळजी करावी. रोज लॉगिन केल्याबद्दल नाणी देणारे, सीझन संपायच्या आत पातळी गाठली नाही तर बक्षीस काढून घेणारे मोबाइल गेम नेमकं हेच करतात. खेळायची इच्छा मेल्यावरही हात चालू ठेवतात. त्यांच्या समोर 'रेड डेड' फार सभ्य गेम आहे. मी चौदा महिने गेलो नाही, त्याने एक नोटिफिकेशन पाठवलं नाही.

इथपर्यंत माझा युक्तिवाद नीट बसतो. पण भावाजवळ येऊन तो अडतो.

आमच्यात सहा वर्षांचं अंतर. घरी आधी तो टीव्हीला जोडायचा गेम होता, ज्याच्या कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत पाच-सहाच गेम फिरून फिरून यायचे. चालला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. कंट्रोलरला आम्ही 'रिमोट' म्हणायचो. भाऊ खेळू दे म्हणून रडायला लागला, की मी त्याच्या हातात दुसरा रिमोट द्यायचो, ज्याची वायर जोडलेली नसायची, आणि सांगायचो, "तो हिरवा तू." तो जीव तोडून बटणं दाबायचा. हिरवा मेला तर हळहळायचा. दुसरीत असताना त्याला कळलं. दोन दिवस बोलला नाही.

पुढे तो माझ्यापेक्षा चांगला खेळायला लागला. त्याचं खरं प्रेम पबजी. चौघांचा संच, रात्री दहानंतर, कानात इअरफोन. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. पुढच्या जुलैत तोच गेम बीजीएमआय नावाने आला, तोवर त्या चौघांपैकी एकाचं लग्न ठरलं होतं आणि एक दुबईला गेला होता. भाऊ म्हणतो, "तुझी आवड गेली दादा. माझी नेली." तेव्हापासून तो एकटा फारसं काही खेळत नाही. आता बंगळुरूला असतो. आम्ही फोनवर बोलतो तेव्हा आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलतो. पूर्वी आम्ही तासन्‌तास बोलायचो आणि त्यात एकही वाक्य आमच्याबद्दल नसायचं. "डावीकडे आहे." "उडी मार." "अरे थांब ना." ते बोलणं कवडीपाटाला मिळत नाही. तिथे बोललं की पक्षी उडतात.

म्हणजे कायवाच्या चार पिंडांत एक राहून गेला. शेजारी बसणं. तो गेममध्ये नसतो, म्हणून गेमच्या समीक्षेत येत नाही. पण माझ्या आवडीतला किती भाग गेमचा होता आणि किती त्या शेजारी बसण्याचा, हे मला आता वेगळं करता येत नाही. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या कित्येकांचं मूळ दुखणं हे असावं असा मला संशय आहे. शेजारी कोणी नाही.

तर दिवाळीत, माझी ती दुकानातली फजिती बघितल्यावर भाऊ उठला, माझ्या हातातला कंट्रोलर घेतला आणि म्हणाला, "सरक." माझ्या फाइलची वेगळी सेव्ह करून घेतली आणि खेळायला लागला. दुसरा कंट्रोलर माझ्याकडे फेकला. "हा धर. चार्जिंग नाहीये त्याला."

चार दिवस तो खेळला आणि मी चिवडा खात बघितलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईने दोनदा हाका मारल्या तेव्हा आम्ही उठलो. त्याने एकही कप्पा उघडला नाही. मीच सांगायचो, "थांब, तो पक्षी बघ." तो थांबायचा. सहाव्या अध्यायात आर्थर सेंट डेनिसच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर त्याला क्षय झाल्याचं सांगतो. त्याची लागण कुठे झाली हे खेळणाऱ्याला आठवतं. दुसऱ्या अध्यायात, कर्जवसुलीसाठी एका आजारी माणसाला मारताना तो माणूस आर्थरच्या तोंडावर खोकतो. ते मारण्याचं बटण मी दाबलं होतं, दोन वर्षांपूर्वी, माझ्या खोलीत एकट्याने. भावाला ते माहीत नव्हतं, त्याने खेळ मध्येच उचलला होता. मी सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हे तू केलंस, आणि भोगतोय मी."

तिथून पुढचा आर्थर खोकत राहतो. त्याला काही खायला घाला, वजन वाढत नाही. टोळीवरचा, डचवरचा त्याचा विश्वास उडालेला असतो, आणि तरी तो सकाळी उठून कामाला लागतो, कारण अजून काही माणसं त्या तळावर आहेत. मन उडाल्यानंतर माणूस काय करतो, याबद्दलचा हा गेम आहे, हे मला शेजारी बसून कळलं. एकट्याने खेळताना मी तिथवर पोहोचलोच नव्हतो.

भाऊबीजेनंतर भाऊ परत गेला. शेवट राहिलाच. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला, आईच्या गुडघ्यांचं झालं, मग विचारलं, "तू पुढे खेळलास का?"

"नाही."

"मी येईपर्यंत हात लावू नको."

बरं म्हटलं. त्या रविवारी कवडीपाटाला चक्रवाक आले होते.